परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून तुळजापूरला दर्शनाला जाता येतं का?

नाही, परवाना असला तरी मंदिरात हत्यार नेता येत नाही. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठी १९८८ साली केंद्राने कायदा केला. त्याच्या कलम ४ नुसार मंदिर, मशीद, दर्गा, गुरुद्वारा, चर्च, कुठल्याही संस्थेने किंवा तिच्या व्यवस्थापकाने शस्त्र अथवा शस्त्रधारी माणसाला आत घ्यायचं नाही. त्यांनी तसं होऊ दिलं, तर व्यवस्थापकासह संबंधितांना ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्ही ‘परवाना आहे, साहेबांची ओळख आहे’ म्हणून दारावर हुज्जत घालून आत शिरलात, तर तो बिचारा संस्थानचा माणूसही अडकणार. माझ्या मते बंदी योग्यच आहे. नवरात्रातल्या रेटारेटीत कमरेचं हत्यार कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

अपवाद त्याच कलमात आहेत: शिखांचं कृपाण, आणि रूढीने धार्मिक विधीत वापरली जाणारी शस्त्रं. त्यामुळे नांदेडच्या हजूर साहिबमधली परंपरेची शस्त्रं पाहून ‘तिथं चालतं, मग मला का नाही?’ असं म्हणता येणार नाही.

जत्रेत किंवा देवळापुढे हौसेने बार काढणं हा वेगळा गुन्हा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबाराने कुणाच्या जिवाला धोका झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निघण्याआधी परवान्यावरचं क्षेत्रही बघा. ते तुमच्या जिल्ह्यापुरतंच असेल तर हत्यार घरीच कुलपात ठेवा.