रातकिडे रात्रभर ओरडून दमत नाहीत का?

तुम्ही विचारलंय की एवढासा रातकिडा रात्रभर किर्रर्र करतो तर दमत नाही का, एवढी ताकद आणतो कुठून, आणि मादी का ओरडत नाही. दमतो हो, चांगलाच दमतो. रात्रभर जो आवाज येतो तो एकाच किड्याचा नसतो, एक गप्प बसला की शेजारचा सुरू करतो म्हणून आपल्याला सलग वाटतं.

एमएस्सीला असताना मी खोलीत प्लास्टिकच्या बरण्यांत रातकिडे पाळले होते. आत अंड्यांच्या ट्रेचा तुकडा, बटाट्याची चकती आणि चिमूटभर माशांचं खाद्य. टॉर्चला लाल कागद लावून तासन्‌तास बघत बसायचे. तोंड अजिबात हलत नाही. नर पुढचे दोन पंख पाठीवर तिरके उभे करतो आणि एकमेकांवर घासतो, एका पंखाच्या शिरेवर कानशीसारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्याच्या कडेला खरवडणारी धार. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना नाही. म्हणजे आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला पंख एकदा उघडायचे आणि एकदा मिटायचे, आणि हे इतकं भराभर की पंख दिसतच नाहीत, नुसती धूसर पट्टी दिसते.

आता खर्चाचं. किड्याला बंद डब्यात ठेवून गाताना तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजतात. फ्लोरिडात प्रेस्टविच आणि वॉकर या संशोधकांनी १९८१ मध्ये न थांबता सलग गाणाऱ्या रातकिड्यांवर हे केलं, तर खर्च नुसतं बसून असण्याच्या दहापटीच्या आसपास, काहींचा त्याच्याही वर. त्यातली एक जात तर सूर्यास्तानंतर तासभर गाते आणि बंद करते, मला तरी यात नवल वाटत नाही, दहापट खर्च रात्रभर कोण करेल! थांबून थांबून चिर्रप चिर्रप करणाऱ्यांचं मात्र स्वस्तात भागतं. अमेरिकेतला एक हिरवा कॅटिडिड, म्हणजे आपल्या नाकतोड्याच्या नात्यातला, सेकंदाला २०० च्या आसपास वेळा पंख हलवतो, त्यासाठी तो गाण्याआधी स्नायू थरथरवून अंग तापवून घेतो आणि गाताना त्याची छाती बाहेरच्या हवेपेक्षा ५ अंश, कधी १० अंशांहूनही जास्त गरम असते. थंड रक्ताचा किडा, आणि गाण्यासाठी अंगात ताप आणतो!

आणि खरं वाईट वाटतं ते पुढेच आहे, की या मेहनतीतला अगदी थोडा भाग आवाज म्हणून बाहेर पडतो, बऱ्याच किड्यांत शंभरातले एक-दोन भाग. कारण किडा फार लहान. आवाजाची लहर साधारण ७-८ सेंटीमीटरची आणि पंख जेमतेम एक सेंटीमीटरचा, त्यामुळे पंखाच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज कडेला भेटून एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर डब्यातून काढून नुसता हातात धरून वाजवून बघा, आवाज कसा पोकळ होतो, तसंच.

यावर किड्यांनी काढलेले उपाय वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. फ्रान्समधला मोल क्रिकेट, म्हणजे बिळात राहणारा रातकिड्याचा भाऊबंद, जमिनीत दोन तोंडांचं कर्ण्यासारखं बीळ खणतो, आतून गुळगुळीत करतो आणि आत बसून गातो. बेनेट-क्लार्क या संशोधकाने १९७० मध्ये मोजलं तर त्याच्या स्नायूंच्या कामातला जवळजवळ एक तृतीयांश भाग आवाजात उतरत होता, आणि शांत रात्री तो ६०० मीटरवर ऐकू जायचा. आणि आपल्याकडचा ओइकँथस हेन्री नावाचा झुडपांवर राहणारा रातकिडा, यावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने काम केलंय. हा रानतुळशीच्या पानाला मधोमध भोक पाडतो, त्यात डोकं घालून पंख पानाला टेकवून वाजवतो, पान म्हणजे त्याच्या स्पीकरचा डबा. २०२० च्या त्यांच्या पेपरात दिसलं की हे जास्त करून छोटे आणि हळू आवाजाचे नर करतात आणि मग त्यांचा आवाज मोठ्या नरांच्या तोडीचा होतो.

ताकद येते खाण्यातून, दुसरं कुठून येणार. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या रातकिड्यांवर २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेलं काम मला विसरता येत नाही. ज्या नरांना प्रोटीनचं चांगलं खाणं मिळालं ते जास्त गायले आणि लवकर मेले. जगण्यासाठी साठवण्याऐवजी सगळं गाण्यात घातलं. माझ्या बरण्यांतही माशांचं खाद्य संपून नुसता बटाटा राहिला की दोन-तीन रात्रींत आवाज विरळ व्हायचा, हे बघितल्यावर मी खाद्याचं पाकीट कधी संपू दिलं नाही.

मादीचं विचाराल तर तिच्या पंखांवर ही कानसच नसते. तिचा खर्च अंड्यांवर होतो, शिवाय अंधारात उघड्यावरून चालत नरापर्यंत तीच जाते. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. माझ्या टेबलाच्या एका टोकाला मादीची बरणी होती. दुसऱ्या टोकाचा नर सुरू झाला की ती दोन पावलं चालायची, थांबायची, थोडी वळायची, पुन्हा दोन पावलं, असं करत प्लास्टिकच्या त्याच बाजूला येऊन तोंड टेकवून उभी राहायची, आणि तो गप्प झाला की तिथेच थांबून राहायची.