डोंगरवाटा : कड्यावर पोहोचावे केव्हा?

(या सदरात डोंगरयात्रेविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांना उत्तरे दिली जातात.)

प्रश्न : माझे वय ५७ आहे. गुडघे थोडे कुरकुरतात, पण रोज पाच-सहा किलोमीटर चालणे होते. हरिश्चंद्रगडावरील कोकणकडा एकदा तरी पाहायचा आहे. कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यात जावे? एका दिवसात परत येता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वाटेचा प्रश्न सोपा आहे. आपण अकोले तालुक्यातील पाचनई गावातून चढावे. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट सुंदर असली, तरी ती लांब आहे. तिच्यावर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे आणि तो संपल्यावर, आता आलोच असे वाटत असताना, एकामागून एक टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात. कड्यालगतच्या अवघड घळीतून चढणाऱ्या नळीच्या वाटेचे नाव तर कुरकुरत्या गुडघ्यांनी काढूही नये. पाचनईची वाट मात्र एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून, ओढा सोबतीला घेऊन सावकाश वर जाते. सवयीचा चालणारा माणूस दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचतो आणि तेथून कडा अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. आपल्याला वर आणखी एखादा तास लागेल असे धरून चालावे. उतरताना काठी अवश्य हाती असावी, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावरच होते.

आता दिवसाविषयी. एका दिवसात परत येणे शक्य आहे, पण माझा सल्ला तसे करू नये असाच राहील. कोकणकडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सारी गर्दी सूर्यास्ताला जमते, आणि तो सूर्यास्त अप्रतिम असतो याबद्दल वाद नाही. परंतु ज्या दृश्यासाठी हा कडा जाणकारांत प्रसिद्ध आहे, ते इंद्रवज्र सूर्य पाठीशी असल्याखेरीज दिसत नाही. सकाळी ऊन मागून, पूर्वेकडून यावे, समोर दरीत धुके कड्याच्या काठापर्यंत भरलेले असावे आणि आपली सावली त्या धुक्यावर पडावी, म्हणजे सावलीतल्या आपल्याच डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटते. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसते, आपल्या नव्हे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या गडावरून दिसलेल्या अशा वर्तुळांचे वर्णन केले आहे. मी स्वतः पहिल्या तीन फेऱ्यांत संध्याकाळ पाहून समाधान मानले आणि पहाटे घाईघाईने परतीची वाट धरली. त्यांतल्या एका फेरीत, आम्ही निम्मा गड उतरलो असताना, मागे राहिलेल्या मुलांना इंद्रवज्र दिसले. त्यानंतर मात्र सकाळी नऊपर्यंत कडा सोडायचा नाही, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला.

कड्यावर गेल्यावर नेमके मध्यभागी थांबू नये. हा कडा अर्धवर्तुळाकार असून त्याचा माथा पुढे आलेला आणि पोट आत गेलेले आहे. मधोमध उभे राहिल्यास पायाखालचा कडा दिसतच नाही, केवळ दरी दिसते. एका बाजूच्या कोपऱ्याकडे सरकल्यास समोर ती आत वळलेली काळी भिंत पूर्ण दिसते आणि मग खाली बेलपाड्याची घरे नजरेत येतात. काठाशी चालत जाण्याऐवजी आठ-दहा फूट अलीकडे पोटावर झोपून पुढे सरकावे. दरीतून वर येणारा वारा तोंडावर असा आदळतो की डोळ्यांत पाणी येते. वाळल्या गवताची काडी खाली टाकावी, तर ती क्षणभर खाली जाते आणि उलट फिरून आपल्या डोक्यावरून मागे जाऊन पडते. हाच वारा डोक्यावरची टोपीही तितक्याच सहज नेतो, हे मी एक टोपी गमावून शिकलो आहे.

महिना म्हणाल, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाने हवा धुतलेली असते, गवत सोनेरी झालेले असते आणि सकाळचे धुकेही मिळण्याचा संभव असतो. फेब्रुवारीनंतर धूळ आणि वणव्यांचा धूर यांमुळे दूरचे डोंगर पुसट होऊ लागतात. पाचनईतील ग्रामस्थ वर तंबूची आणि पिठले-भाकरीची सोय करतात. परिसर अभयारण्यात येत असल्यामुळे मुक्कामाविषयीचे चालू नियम गावात आधी विचारून घ्यावेत. वेळ राहिल्यास केदारेश्वराच्या लेण्यातही डोकावून यावे. तेथील शिवलिंगाभोवती कमरेएवढे गार पाणी असते आणि चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे.

प्रश्न : कळसूबाई झाले. त्याच तोलाचे, परंतु कमी गर्दीचे ठिकाण सुचवावे. – एक वाचक, धुळे

उत्तर : आपण धुळ्याचे असून साल्हेर राहून गेला असेल, तर ती चूक आधी दुरुस्त करावी. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तर साल्हेरची १५६७ मीटर. महाराष्ट्रातील किल्ल्यांत याहून उंच किल्ला नाही. सटाणा-ताहाराबादमार्गे वाघांबे गाव गाठावे आणि साल्हेर व सालोटा यांच्यामधल्या खिंडीतून वर जावे. कातळात खोदलेल्या पायऱ्यांची उंची मोठी आहे, त्यामुळे दम लागतो, पण एका बाजूला सालोट्याचा सुळका इतका जवळ उभा असतो की थांबायला निमित्त शोधावे लागत नाही. पठारावर तलाव आणि गुहा आहेत. खरे दृश्य त्याही वर, परशुरामाच्या पादुका असलेल्या माथ्यावर आहे. मांगी-तुंगीची जोडशिखरे, मुल्हेर, हरगड हे सारे बागलाण तेथून एका फेरीत पाहता येते आणि पश्चिमेला गुजरातमधील डांगचे जंगल पसरलेले दिसते. परशुरामाने येथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा सांगतात. माथ्यावर उभे राहिल्यावर ती रचणाऱ्याचे कौतुक वाटते. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत साल्हेरचा समावेश झाल्यामुळे गर्दी वाढण्याचा संभव आहे, तेव्हा फार लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात आहे. भर पावसात मित्रांबरोबर ताम्हिणीजवळच्या अंधारबनच्या जंगलवाटेने जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. जाऊ द्यावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जुलैमध्ये दृश्य पाहायला म्हणून कोणीही जाऊ नये, कारण तेव्हा ढगाशिवाय काही दिसत नाही. अंधारबनची कुंडलिका दरी ऑगस्टच्या अखेरीपासून, पावसाच्या दोन सरींच्या मध्ये, धुके क्षणभर फाटल्यावर पाहावी. जाऊ द्यायचेच असेल, तर प्रशासनाची किंवा वनखात्याची बंदी त्या आठवड्यात आहे का याची चौकशी करावी, गावातील वाटाड्या सोबत द्यावा आणि पहिला ओढा गुडघ्यावर वाहत असल्यास तेथूनच परतायचे, हे घरीच कबूल करून घ्यावे. वाटेत पुढे आणखी ओढे आहेत आणि पाऊस वाढला, तर पुढचा ओलांडता येत नाही व मागचाही. आणखी एक गोष्ट मुले हमखास विसरतात : ही वाट पिंपरी गावातून सुरू होऊन खाली भिऱ्याला संपते, त्यामुळे वर ठेवलेल्या दुचाक्या आणायला भिजलेल्या अंगाने घाटरस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो. गाडी आधीच भिऱ्याला बोलावून ठेवायला सांगावे.