माळ वारशाने गळ्यात येत नाही

प्रश्न : माझी आजी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहत असे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास आणि रोज संध्याकाळी हरिपाठ यांत तिचे आयुष्य गेले. गुडघ्यांनी साथ दिली तोवर ती आषाढीला पायी पंढरपूरला जात होती. हरिपाठ संपला की ती आम्हा नातवंडांच्या आणि पुढे माझ्या मुलीच्याही पाया पडायची, आणि आम्ही हसत पळून जायचो. गेल्या वर्षी ती गेली. वडिलांनी स्वतः कधी माळ घेतली नाही, पण तिची माळ माझ्या हाती देऊन ‘आता ही तू घाल’ असे ते म्हणाले. मी मांसाहार करतो, आणि देवावर माझा विश्वास आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. माळ डब्यात ठेवली तर अपराधी वाटते, घातली तर ढोंग वाटते. नऊ वर्षांच्या मुलीला या सगळ्यातले काय द्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : माळ घालू नका. वारकरी संप्रदायात माळ ‘घेतात’, आणि घेताना मांस-मद्य वर्ज्य करण्याचा, एकादशी पाळण्याचा व वारी न चुकवण्याचा नेम आपण होऊन स्वीकारतात. तो शब्द आपल्या आजींनी दिला होता, तो त्यांनी पाळला, आणि त्यांच्याबरोबर तो पूर्ण झाला. आजोबांची विहीर नातवाच्या नावावर होते तसा नेम होत नाही. आजींची माळ देव्हाऱ्यात ठेवा, नाहीतर पंढरपूरला गेलात तर चंद्रभागेत सोडा. दोन्हींत त्यांचा अनादर नाही. वडिलांवरही रागावू नका. स्वतःला जे जमले नाही ते मुलाने करावे, अशी इच्छा पुष्कळ वडिलांच्या मनात असते आणि बहुधा ती दुःखातूनच बोलली जाते.

आपला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो पूर्वी पैठणच्या एका प्रसिद्ध घरालाही पडला होता. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपुरास परत आणण्याचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते, ते भानुदास हे एकनाथांचे पणजोबा. आईवडील लवकर गेल्यामुळे नाथांना आजोबा चक्रपाणी यांनी वाढवले. अशा घरातला हा नातू लहान वयातच, आजोबांना न सांगता, देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला, असे चरित्रकार सांगतात. स्वामी दत्तभक्त होते. घरचा विठ्ठल सोडून नातू दुसऱ्याच दारात गेला, असे त्या वेळी पैठणात कोणी म्हटले असेल तर नवल नाही. पुढे तोच नातू पैठणला परतला, संसारात रमला आणि त्याने विठ्ठलाचे अभंग लिहिले. याच घरात पुढच्या पिढीत उलटे घडले. नाथांचे पुत्र हरिपंडित हे संस्कृताचे पंडित. वडिलांनी प्राकृतात, म्हणजे मराठीत, पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचले नाही आणि ते काशीला निघून गेले. पितापुत्रांचा समेट झाल्याची कथा चमत्काराने सजलेली आहे. मला मात्र त्या चमत्कारापेक्षा आधीचे भांडण अधिक खरे वाटते. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर याने महाभारत मराठीत रचले, म्हणजे आजोबांची भाषा पुन्हा नातवाकडे आली. एका घरातल्या पाच-सहा पिढ्यांत श्रद्धा अशी कधी आडवाटेने, कधी एक पिढी ओलांडून चालत राहिली.

म्हणून आपल्याला विश्वास नाही, याची लाज बाळगू नका. पण आपण पत्रात ज्या गोष्टीला हसण्यावारी नेले आहे तिच्याकडे एकदा नीट पाहा. आजी आपल्या पाया पडत, ती त्यांची लहर नव्हती. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या खेळाचे वर्णन करणाऱ्या अभंगात तुकोबांनी ‘एक एका लागतील पायीं रे’ असे म्हटले आहे. वारीत आजही समोरचा वयाने, जातीने, शिक्षणाने कोण आहे हे न पाहता माणसे एकमेकांना ‘माऊली’ म्हणून वाकतात. (वारीचे फोटो काढायला जाणाऱ्यांनाही कोणीतरी वाकून नमस्कार करते आणि त्यांची तारांबळ उडते, हे मी स्वतः पाहिले आहे.) ज्या समाजात सुनेने सासूच्या, धाकट्याने थोरल्याच्या पायांवर डोके ठेवायचे हे ठरलेलेच आहे, तिथे एक म्हातारी बाई रोज संध्याकाळी पोराटोरांसमोर वाकत होती. हे करायला किती धीटपणा लागतो, ते घरातल्या कुठल्याही ज्येष्ठाला करायला सांगून पाहा. यासाठी देव मानावाच लागतो असे मला वाटत नाही. आजींना तो लागला, आपल्याला कदाचित लागणार नाही.

मुलीला आधी माहिती द्या, उपदेश नको. पणजी कुठून कुठवर चालत जायची, वाटेत कुठे मुक्काम करायची, दिंडीत तिच्यासोबत कोण असायचे, हे सांगा. आपल्याला ठाऊक नसेल तर गावी त्या दिंडीतल्या ज्या बायका अजून आहेत त्यांना विचारा, आणि ते लवकर विचारा. पुढच्या एकादशीला गावी जाणे जमले तर वडिलांना हरिपाठ म्हणायला सांगा. आईचा ऐकून ऐकून त्यांना तो येत असणार, आणि अर्ध्या-पाऊण तासात तो होतो. आपण श्रद्धा नसतानाही शेजारी बसू शकता. ऐकणाऱ्याला कोणी शपथ घालत नाही. मुलीला मध्ये बसवा. शेवटचा अभंग झाल्यावर वडील काय करतात ते पाहा, आणि ते नातीसमोर वाकले तर या वेळी तिला पळू देऊ नका.