मुलगा तोंडी सगळं सांगतो पण लिहा-वाचायला बसला की रडतो, लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करावी का? शिक्का बसेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, क्रिकेटचे सगळे स्कोअर तोंडपाठ, पण वही उघडली की पोटात दुखायला लागतं. बाईंनी टेस्ट करून घ्या म्हणून सांगितलंय आणि सासूबाई म्हणतात लाडावलाय, मोठा झाला की येईल आपोआप. माझं सरळ उत्तर, टेस्ट करून घ्या, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू पण नका. मी डॉक्टर नाही की शिक्षक नाही, पुण्यात धनकवडीत राहणारा एक बाप आहे, माझी मुलगी आता अकरावीला आहे आणि तिला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची लर्निंग डिसॅबिलिटी आहे हे आम्हाला चौथी संपता संपता कळलं. तुम्हाला बाई तिसरीतच सांगतायत, त्यांचे आभार माना, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

सांगितलं नाही त्याचं कारणही सांगतो. आमची लेक शांत. वर्गात दंगा करणारं पोर असतं तर शाळेने चार वेळा बोलावून घेतलं असतं, ही मागच्या बाकावर गप्प बसायची, बाई काय म्हणतात ते ऐकायची आणि ऐकलेलं सगळं पाठ करून टाकायची. मराठीचा धडा इतका घडाघडा वाचायची की आम्ही दोघं खूश. एकदा रात्री जेवणं झाल्यावर ती मला धडा वाचून दाखवत होती, पुस्तकावर कधीतरी चहा सांडलेला होता त्यामुळे दोन पानं एकमेकांना चिकटलेली, ती एकदम उलटली गेली, आणि ही आपली चिकटलेल्या पानांच्या आतला मजकूरच म्हणत राहिली, बोट मात्र पुढच्या पानावर. तीन-चार ओळी झाल्या तरी तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी पेपरमधली एक ओळ वाचायला दिली तर पोरगी घामाघूम झाली आणि 'बाबा मला झोप येतीये' म्हणून उठून गेली, संध्याकाळी सात वाजता.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. बसवरचं 'स्वारगेट' ती लांबून ओळखायची, आम्हाला वाटायचं वाचते. पण आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'गेट बंद ठेवा' लिहिलंय त्यातलं 'गेट' तिला वाचता येईना. म्हणजे स्वारगेट हे तिच्यासाठी एक चित्र होतं, अक्षरं नव्हती. तुम्ही पण घरी हे करून बघा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. पाठ नसलेला मजकूर द्या, त्याच्या इयत्तेपेक्षा सोपाच द्या, आणि चूक किती करतो यापेक्षा वेळ किती लागतो आणि कुठे अडतो ते बघा.

आता हे नक्की असतं काय, तर लोकांना वाटतं की अशा मुलांना अक्षरं उलटी दिसतात, नाचतात वगैरे. मुळात हा डोळ्यांचा प्रश्नच नाहीये (तरी डोळे तपासून घ्यायचेच, कानही). अडचण असते ती बोललेल्या शब्दाचे तुकडे पाडून त्या तुकड्याला चिन्ह जोडण्यात. आमच्या रेमेडियलच्या, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, 'कमळ'मधला 'क' काढून टाकला तर काय उरतं? आठ-नऊ वर्षांचं पोर पटकन 'मळ' म्हणतं. माझी लेक मॅडमच्या तोंडाकडे बघत बसली, मग म्हणाली 'फूल'. तिला कमळ म्हणजे काय ते माहिती होतं, कमळ हा शब्द कशाचा बनलाय ते कानाला लागत नव्हतं. बुद्धीचा यात काही संबंध नाही, तिचा आयक्यू व्यवस्थित होता.

आणि आपल्या मराठीत तर याच्या खास जागा आहेत. ऱ्हस्व वेलांटी घ्या, 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, पण बोलताना क आधी. रफार घ्या, 'सूर्य' म्हणताना र मधे येतो आणि लिहिताना जाऊन बसतो य च्या डोक्यावर. 'प्रकाश'मधला र वेगळा, 'ट्रक'मधला वेगळा, 'दऱ्या'मधला अजून वेगळा, एकाच र ची इतकी रूपं. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, अनुस्वार गळणं, जोडाक्षर फोडून लिहिणं हे पहिलीत सगळीच मुलं करतात, तिसरी-चौथीतही तेच होत राहिलं तर मात्र लक्ष द्यायचं. मराठीचं एक बरं आहे की जसं बोलतो बऱ्यापैकी तसंच लिहितो, त्यामुळे ही मुलं रडत-कढत का होईना वाचायला शिकतात पण फार सावकाश, एकेक अक्षर लावत. इंग्रजीत तसा नियमच नाही, म्हणून सेमी-इंग्लिशमध्ये गेल्यावर इंग्रजीचा पार बोजवारा उडतो आणि घरचे म्हणतात मराठी जमतं इंग्रजीच जमत नाही, क्लास लावा. तेच आम्ही केलं. दोन वर्षं क्लास, रोज एकेक स्पेलिंग वीस वेळा लिहिणं. एकोणीस वेळा एकच चूक लिहिलेली वही माझ्याकडे अजून आहे.

गणितावर थोडं बोलतो कारण तुम्ही लिहिलंय की तो ५२ आणि २५ मधे गोंधळतो. नुसत्या एवढ्यावरून डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणिताची लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणता येत नाही. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी ऐकू येतात, आणि लिहायचे असतात २ आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणितज्ञ मंगला नारळीकरांनी बिचाऱ्यांनी किती समजावून सांगितलं, लोकांनी टिंगलच केली. मी तेव्हा रोज संध्याकाळी माझ्या मुलीला हेच अडखळताना बघत होतो, मला तरी त्यांचं म्हणणं पटलं होतं. डिस्कॅल्क्युलियात मुलाला संख्येचा अंदाजच येत नाही, ४७ आणि ७४ मधलं मोठं कोणतं हे थांबून विचार करावा लागतो, पाचवीतही बोटं मोजावी लागतात, घड्याळ-सुट्टे पैसे जमत नाहीत. ते टेस्टमध्ये कळेल.

टेस्टिंग म्हणजे सुई-रक्त काही नाही हे आधी मुलाला सांगून टाका, माझी लेक त्याच भीतीने आदल्या रात्री झोपली नव्हती. दोन-तीन बैठका होतात. आधी कान आणि डोळे. मग बुद्ध्यांक, आपल्याकडे बिने-कामत किंवा मालिनची चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. मग वाचन, लेखन, गणित असं वेगवेगळं बघतात, त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा चाचण्यांचा संच वापरतात, त्याला निम्हान्सची बॅटरी म्हणतात, आणि मनेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने बनवलेली डाली नावाची चाचणी मराठीतूनही आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण आमची पहिली टेस्ट फक्त इंग्रजीतून झाली होती, घरात अखंड मराठी बोलणाऱ्या पोरीची, ती सगळी परत करावी लागली. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, मराठीतून करणार का. आणि करणाऱ्यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, त्यात लाजायचं काही नाही, सायकॉलॉजिस्ट असो की स्पेशल एज्युकेटर, हे काम करायला तो लागतो. हल्ली गल्लोगल्ली बोर्ड लागलेत. डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे मिडब्रेनवाले, स्मरणशक्तीची पावडर विकणारे, यांच्याकडे एक रुपया घालवू नका.

कधी कधी टेस्टमध्ये निघतं वेगळंच. आमच्या ओळखीत एकाला वाचन येत होतं पण एका जागी दोन मिनिटं टिकत नव्हता, ते एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, निघालं. त्यात बारा वर्षांच्या आतच लक्षणं दिसलेली असावी लागतात आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, नुसतं घरी ऐकत नाही म्हणून एडीएचडी होत नाही. त्याला औषधं आहेत, डॉक्टर बघून देतात. डिस्लेक्सियाला औषध नाही, कुणी देत असेल तर तिथून उठून या. दोन्ही एकत्र असलेली मुलंही बरीच असतात. ऑटिझम हा तर अजून वेगळा विषय, तो तिसरीपर्यंत थांबायचा नाहीच, घरात कुणाचं दीड वर्षाचं बाळ हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर मुलं उशिरा बोलतात म्हणून बसू नका, आधी कानाची टेस्ट आणि लगेच बालविकास तज्ज्ञ.

कागदपत्रांचं. प्रायव्हेट सेंटरचा रिपोर्ट आणि सरकारी सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक इथे फार गोंधळतात. रिपोर्ट शाळेला समजण्यासाठी आणि रेमेडियल सुरू करण्यासाठी पुरतो. सवलतींसाठी सरकारी बोर्डाचं सर्टिफिकेट, पुण्यात ससून हॉस्पिटलला करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझम दोन्ही येतात, एडीएचडी त्या यादीत नाही. साधारण आठ वर्षं किंवा तिसरीपासून तपासणी होते म्हणजे तुमचा मुलगा बसतोय. आपल्या राज्यात दहावीच्या परीक्षेसाठी सवलती १९९६ पासून आहेत, त्यामुळे बोर्डाला हे काही नवीन नाही. माझ्या लेकीला दहावीला तासाला वीस मिनिटं जादा मिळाली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, आणि शुद्धलेखनाचे मार्क कापले नाहीत. लेखनिक मिळत होता, तिने घेतला नाही, म्हणाली माझं मी लिहिते. तुमच्या शाळेला मात्र सुरुवातीपासून लेखी कळवत राहा, नववीत धावपळ नको.

आता शिक्का. ताई, माझा धाकटा भाऊ आहे, हडपसरला त्याचं गॅरेज आहे. दहावीला तीनदा बसला. आमच्या अण्णांनी त्याला पट्ट्याने मारलंय, शाळेत बाकावर उभा असायचा, सगळं गाव त्याला ढ म्हणायचं. आज त्याच्या हाताखाली चार पोरं आहेत, पण व्हॉट्सॲपवर तो फक्त व्हॉइस मेसेज पाठवतो आणि बँकेत गेला की चष्मा विसरलो म्हणून शेजारच्याकडून फॉर्म भरून घेतो. त्याला चष्मा नाहीये. मुलीच्या टेस्टिंगच्या वेळी मॅडमनी विचारलं घरात अजून कुणाला असं आहे का, कारण हे रक्तातून येतं, आणि आई माझ्या शेजारी बसली होती ती रडायलाच लागली. त्याच्यावर शिक्का होता की, पंचेचाळीस वर्षं होता, फक्त चुकीचा होता. तुमच्या मुलाला वर्गात आत्ता काय म्हणत असतील याचा विचार करा आणि मग ठरवा.

सासूबाईंना रिपोर्ट दाखवून उपयोग होणार नाही, आमच्या घरीही झाला नव्हता. त्यांना एकदा रेमेडियलच्या तासाला घेऊन जा. आमच्या मॅडम ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवायला लावायच्या, गिरवताना मोठ्याने म्हणायचं, मग टाळी वाजवत शब्द तोडायचा, एका आठवड्यात फक्त 'प'ची बाराखडी, पुढे घाई नाही. आई ते बघून म्हणाली, अगं ही तर आमची धूळपाटी. त्या दिवसापासून घरचा रवा तीच काढून द्यायला लागली. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, दीड वर्षांनी पोरगी न पाठ केलेलं पान सलग वाचायला लागली. अजूनही सावकाश वाचते, अकरावीची पुस्तकं मोबाईलला वाचायला लावून ऐकते.

तोपर्यंत घरी एवढं करा, अभ्यासावरून आणि पोटदुखीवरून होणारं भांडण बंद. इतिहास-परिसर तुम्ही वाचा, त्याने ऐकायचं आणि तोंडी उत्तर द्यायचं, म्हणजे वाचन येत नाही म्हणून बाकीचं ज्ञान मागे पडत नाही. आणि त्याच्या पहिलीपासूनच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका, खास करून शुद्धलेखनाच्या, टेस्टिंगला जाताना त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, आमच्या मॅडमनी आमच्याशी बोलायच्या आधी त्याच अर्धा तास चाळल्या होत्या.