वर्डप्रेस जुनं, पीएचपी त्याहून जुनं... बटण दाबू का?

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट २०११ साली एका ओळखीच्या मुलाने वर्डप्रेसमध्ये करून दिली, तो आता बाहेरगावी असतो, फोन उचलला तर उचलला. शेवटचं अपडेट २०१८ चं, व्हर्जन ४.९ दिसतंय. आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की पीएचपी ५.६ बंद होणार, ८ वर जा. सचिव म्हणतात चाललंय ते चालू दे, हात लावू नका. व्याख्यानमालेचे सगळे जुने फोटो नि पुस्तकांची यादी त्यातच आहे. काय करू?

उत्तर : अपडेटचं बटण दाबू नका आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन पीएचपीला पण आधी हात लावू नका, कारण खरी गोची तिथेच आहे. वर्डप्रेस म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, पीएचपी म्हणजे ते ज्या भाषेत लिहिलंय ती, आणि दोघांची व्हर्जन्स जुळावी लागतात. वर्डप्रेस ४.९ पीएचपी ८ वर धड चालत नाही आणि आजचं ताजं वर्डप्रेस पीएचपी ५.६ वर बसतच नाही, त्याला निदान ७.२ च्या पुढचं लागतं. म्हणून मध्ये एक थांबा घ्यायचा, वर्डप्रेस ६.२. ते पीएचपी ५.६.२० पासून चालतं. म्हणजे आधी ६.२, मग पीएचपी ७.४, मग ताजं वर्डप्रेस, आणि सगळ्यात शेवटी पीएचपी ८.

पण हे सगळं कॉपीवर हं, चालू साइटवर नाही. बॅकअप म्हणजे फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, लोक एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइल्स उतरवायची सोय) फोल्डर उतरवतात नि खूश होतात, लेख आणि यादी तर डेटाबेसमध्ये असते. पीएचपीमायअॅडमिन, म्हणजे होस्टिंगच्या पॅनेलमधलं डेटाबेस बघायचं साधन, त्यातून एक्स्पोर्ट काढलात की ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचनालयाचं नाव मराठीत शोधा. सापडलं तर ठीक, पण त्याजागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली युरोपियन अक्षरं दिसली तर एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा घोळ आहे, जुन्या मराठी साइट्समध्ये हे बऱ्याचदा निघतं, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग सबडोमेनवर (तुमच्याच पत्त्याआधी एखादा शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता) कॉपी लावा, तिला वेगळा डेटाबेस द्या आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्याच डेटाबेसचं नाव टाकलंय ना हे दोनदा बघा, नाहीतर तुम्हाला वाटेल कॉपीवर काम चाललंय आणि अपडेट होत असेल खरी साइट! डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमधले साइटचे दोन्ही पत्तेही बदला. प्लगिन (वरून जोडलेल्या सोयी) सगळे बंद, थीम (साइटचं रूप) वर्डप्रेसची स्वतःची. एकेक पायरी चढा, मग एकेक प्लगिन चालू करा. २०११ ची थीम पीएचपी ८ वर बहुतेक मान टाकेल, तेव्हा नवीन थीम घ्यायची तयारी ठेवा, तिच्या डागडुजीत जीव काढू नका. लिहायची खिडकी वेगळी दिसली तर घाबरू नका, डिसेंबर २०१८ च्या ५.० पासून एडिटर बदललाय, 'क्लासिक एडिटर' प्लगिन टाकलं की जुनी परत येते.

हे करताना अपलोड्स फोल्डरही बघून घ्या. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, पीएचपी फाइल दिसली तर संशय घ्या (रिकामी इंडेक्स फाइल असू शकते), आणि युझर्समध्ये अनोळखी अॅडमिन आहे का तेही. आधीच कोणी आत शिरलेलं असेल तर अपडेटने तो बाहेर जात नाही.

सचिवांचं म्हणाल तर, वर्डप्रेसचे छोटे सिक्युरिटी पॅच ३.७ पासून आपोआप येतात, त्या मुलाने ते बंद केलं नसेल तर, पण जुन्या प्लगिन्सचं काय? त्यांना ड्रुपलची, म्हणजे वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगा. १५ ऑक्टोबर २०१४ ला पॅच आला आणि दोनच आठवड्यांनी त्यांच्याच सिक्युरिटी टीमने जाहीर केलं की सात तासांच्या आत ज्यांनी तो टाकला नाही त्यांनी साइट हॅक झाली असंच धरून चालावं.

होस्टिंगवाल्यांकडे थोडी मुदत मागा, बरेच जण देतात. आणि त्या मुलाचा फोन लागलाच तर साइटचं राहू दे, डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते आधी विचारा, त्याच्याच असेल तर पहिलं काम ते वाचनालयाच्या नावावर करून घेणं.