कविता लिहून मिळतं काय?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं कवितेवरची निघाली. तिघांची वयं वेगळी, प्रश्न वेगळे, पण वाचता वाचता वाटलं की मुळात तिघं एकच विचारतायत, म्हणून एकत्रच घेतेय. पहिलं उत्तर लांबलंय, सवयीप्रमाणे.

प्रश्न : ताई, मी सत्तेचाळीस वर्षांचा, अकाउंट्समध्ये नोकरी. सहा वर्षं झाली, रात्री सगळे झोपले की मोबाइलच्या नोट्समध्ये कविता लिहितो. आत्तापर्यंत मासिकांना वगैरे पाठवलेल्या अकरा कविता साभार परत आल्या, काहींचं तर उत्तरच नाही. बायको परवा म्हणाली, भांडून नाही, सहजच, की तुम्हाला यातून मिळतं काय हो? मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून लिहिताना हात अडखळतोय. एक कविता सोबत जोडतोय, बाबांवरची आहे, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटातल्या एका जुन्या वहीत पेन्सिलने केलेल्या बारीक बारीक बेरजा सापडल्या होत्या, मी सवयीने तपासायला बसलो तर एका बेरजेत त्यांचा हातचा एक धरायचा राहून गेलेला, त्या रात्री ही कविता लिहिली. लिहीत राहू की थांबवू?

उत्तर : आधी तुमच्या बायकोच्या बाजूने बोलते, प्रश्न अगदी रास्त आहे आणि हजार वर्षं जुना आहे. अकराव्या शतकात मम्मट नावाच्या काश्मिरी पंडिताने 'काव्यप्रकाश' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात सुरुवातीलाच कविता कशासाठी याची सरळ यादी दिलीय. सहा कारणं. कीर्ती, पैसा, जगरहाटीचं ज्ञान, अमंगळाचा नाश, तिथल्या तिथे मिळणारा परम आनंद, आणि प्रिय बायकोने गोडीत सांगावा तसा उपदेश. म्हणजे बघा, बायको त्या यादीतसुद्धा आहेच!

यातली पहिली दोन तुम्ही आणि मी सोडूनच देऊ. कीर्तीसाठी मम्मटाने उदाहरण दिलंय ते थेट कालिदासाचं, तिथेच आपला विषय संपतो. आणि पैशाचं म्हणाल तर कवितेवर घर चालवणारे कवी कुठल्याच भाषेत फारसे सापडायचे नाहीत, वॉलेस स्टीव्हन्ससारखा मोठा अमेरिकन कवी इन्शुरन्स कंपनीत होता, 1934 साली तिथे उपाध्यक्ष झाला आणि 1955 मध्ये वारला तोपर्यंत त्याच कंपनीत. ऑफिसला चालत जायचा आणि चालता चालता ओळी जुळवायचा. तुमच्या अकाउंट्सची लाज वाटून घेऊ नका एवढ्यासाठी सांगितलं.

माझा जीव अडकतो तो पाचव्या कारणात. मम्मट म्हणतो, सगळ्या प्रयोजनांत मुकुटासारखं हेच, हा आनंद लगेच मिळतो आणि त्यात बाकी सगळ्याचं भान विरघळून जातं. आता जाणकार मला झापतील की बाई हा आनंद मुख्यतः रसिकाचा, वाचणाऱ्याचा. मान्य. पण लिहिणारा हा आपल्या कवितेचा पहिला वाचक असतो की नाही? रात्री साडेअकराला बसलात आणि मान वर केली तेव्हा दीड वाजला होता असं तुमचं झालंच असेल, नसतं झालं तर सहा वर्षं कोण जागतं. बायकोच्या प्रश्नाचं एक उत्तर ते दोन तास आहेत. त्यात संपादकाचा काही संबंध नाही, साभार परतही त्या दोन तासांना हात लावू शकत नाही.

पण खरं सांगू का, नुसतं एवढंच असतं तर मी म्हटलं असतं कोडी सोडवा, भान तिथेही हरपतं. कवितेत आणखी एक मिळतं आणि ते थोडं अडचणीचं आहे. आपल्याला काय वाटतंय हे आपल्याला ठाऊक नसतं, ते लिहिताना कळतं, आणि पुष्कळदा जे कळतं ते आपल्याला नको असतं.

माझंच सांगते. माझं आणि थोरल्या बहिणीचं बरीच वर्षं बिनसलेलं. त्यावर एकदा अष्टाक्षरी लिहायला घेतली, म्हणजे ओळीत आठ अक्षरं, जोडाक्षराला एकच मोजायचं, बोटांवर मोजत बसायचं. पहिली ओळ आली, 'मनात अजून राग', मोजून आठ. दुसरी आली, 'तुझ्या खोलीतला दिवा'. लहानपणी तिला अभ्यासाला वेगळी खोली होती, मला नव्हती, रात्री दाराच्या फटीतून उजेड दिसायचा, ते मनात असणार. आता झाली पंचाईत, रागाला दिवा जुळेना. दुसरी ओळ सोडवेना म्हणून पहिलीचं शेपूट बदलायला बसले, दिव्याला काय जुळतं, नवा, हवा, दुवा, थवा, आणि मग आला हेवा. 'मनात अजून हेवा / तुझ्या खोलीतला दिवा'. अक्षरं तितकीच, आठ. आणि मी पेन ठेवून बसून राहिले. इतकी वर्षं मी ज्याला राग राग म्हणत होते तो राग नव्हताच. यमक जुळवायच्या नादात खरं बोलून गेले! पुढे त्या कवितेचं फार काही झालं नाही, मधली कडवी अगदीच पाणचट होती, छापायला दिली नाही, बहिणीलाही अजून दाखवलेली नाही. पण ती दोन अक्षरं मला कोणी सांगितली नसती, आणि कोणी सांगितली असती तर मी त्याच्याशी भांडले असते.

छंदाची, यमकाची, मोजून ओळींची सक्ती कशाला असं नवीन मंडळी विचारतात त्याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. तोंडावर आलेला पहिला शब्द बसत नाही म्हणून दुसरा शोधायला जावं लागतं आणि तो दुसरा कधीकधी जास्त खरा निघतो. मुक्तछंदातही हे होतं, फक्त तिथे अडवणारं कोणी नसतं, आपलं आपल्यालाच अडवावं लागतं, म्हणून तो सोपा दिसतो आणि अवघड असतो.

आता तुमची कविता. राग मानू नका. तुम्ही लिहिलंय :

बाबा तुमच्या आठवणींचा
डोळ्यांत पूर दाटला
जीवनाच्या या वाटेवरती
आधाराचा हात सुटला

यात तुमचे बाबा कुठे आहेत? हे कोणाच्याही बाबांवर चालेल. आठवणींचा पूर, जीवनाची वाट, आधाराचा हात, हे सगळे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत, तुम्ही ते शोधलेच नाहीत, हाताशी होते ते उचललेत. आणि गंमत बघा, पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की बाबांचा हातचा एक धरायचा राहून गेला होता. अहो, कविता तिथे आहे! तुम्ही 'हात सुटला' लिहिलंत आणि शेजारी 'हातचा राहिला' पडून होता, तो तुम्हाला दिसला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा मुलगा वडील गेल्यावर त्यांची पेन्सिलची बेरीज तपासतो आणि चूक सापडते. मग तुम्ही काय केलंत? दुरुस्त केलीत की तशीच ठेवलीत? मला हे खरंच जाणून घ्यायचंय, पत्र वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ते लिहा. कदाचित लिहितानाच तुम्हाला कळेल की तपासायला का बसलात.

लिहीत राहू का असं विचारलंत. छापून येण्यासाठी लिहीत असाल तर अकरा हा आकडा काहीच नाही पण या कवितेसारख्या आणखी अकरा पाठवल्यात तर त्याही परत येतील, हे स्पष्ट सांगते. स्वतःसाठी लिहीत असाल तर परवानगी कोणाची मागताय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या गात राहिल्या, मुलाने सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकाने त्यातल्या काही उतरून ठेवल्या, बाई 1951 साली गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीने सुमारे अठराशे कविता लिहिल्या आणि हयातीत छापल्या गेल्या त्या साधारण दहा. ती 1886 मध्ये गेल्यावर बहिणीला खोलीत हाताने शिवलेल्या चोपड्या सापडल्या. ही उदाहरणं 'मेल्यावर का होईना नाव होतं' अशा दिलाशासाठी देत नाहीये बरं का, तो दिलासा भिकार आहे, ज्यांच्या वह्या सापडल्याच नाहीत त्यांची नावं आपल्याला कशी कळणार? सांगायचंय ते इतकंच की या दोघींचा रोजचा दिवस त्या ओळींसोबत गेला, कोणी विचारो न विचारो. आणि शिवलेल्या चोपड्यांवरून आठवलं, त्या नोट्समधलं सगळं एकदा वहीत उतरवून काढा, फोन बिघडला की सहा वर्षं जातील.

प्रश्न : आई जाऊन आठ महिने झाले. समुपदेशक म्हणाल्या लिहून मन मोकळं करा, मी आधीपासून थोड्या कविता करायचेच म्हणून रोज लिहायला बसते, पण लिहिलं की आणखी रडू येतं आणि दिवसभर जड वाटत राहतं. कवितेने दुःख हलकं होतं म्हणतात ना? माझं का होत नाही?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाचा 1986 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यात सोसलेल्या वाईट गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्यावर लगेच आणखी वाईटच वाटत होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे लिहून झाल्यावर जड वाटणं हे ठरलेलंच. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या, ते साधं लिहिणं होतं, कविता नव्हे, आणि ते चार दिवस होतं, तुम्ही रोज करताय.

म्हणून मी म्हणेन रोज नका बसू. ताज्या दुःखावर कविता होत नाही असं नाही, होते, पण बहुतेकदा ती ओरड असते आणि ओरडायची गरज असेल तर ओरडावं, तिला कवितेचे कपडे घालायची काही जरूर नाही. वर्ड्सवर्थ या इंग्रज कवीने 1800 मध्येच लिहून ठेवलंय की कविता ही निवांतपणी पुन्हा आठवलेल्या भावनेतून येते. आठ महिने म्हणजे अजून निवांतपण नाही हो. सध्या 'आई' या शब्दावर लिहू नका, फार मोठा शब्द आहे, त्याखाली चिरडायला होतं. आईची एखादी वस्तू घ्या, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली चिकटपट्टी, फोन नंबरांच्या डायरीतलं तिचं अक्षर, आणि फक्त ती जशी आहे तशी उतरवा, कशी दिसते, कुठे मळलीय, भावना एकही नको. रडू आलं तर येऊ दे, पण ओळीत घेऊ नका. आणि हो, झोप, जेवण, कामावर जाणं यातलं काही बंद पडलं असेल तर लगेच समुपदेशकांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा, कविता हे औषध नाही, मी तरी तसं कोणाला लिहून देणार नाही.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा. सोशल मीडियावर कविता टाकतो, बारा-पंधरा लाइक येतात, त्यातले निम्मे नातेवाइक. आजोबांवर लिहायचं होतं म्हणून गंमत म्हणून एआयला सांगितलं, दोन सेकंदांत सोळा ओळी, यमकासकट. थरथरते हात, सुरकुतलेला चेहरा, सगळं व्यवस्थित. माझ्या आजोबांचे हात थरथरत नाहीत हा भाग वेगळा, ते चौऱ्याऐंशीव्या वर्षी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. पण मग आता आपण लिहायचंच कशाला?

उत्तर : लाइकचं सोड, बारा लोकांनी कविता वाचली तर ती मैफल झाली, मी पाच जणांसमोर वाचलीय आणि त्यातला एक लाऊडस्पीकरवाला होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तूच देऊन बसलायस आणि त्याला 'हा भाग वेगळा' म्हणून बाजूला सारलंस. मशीनला आजोबा म्हटल्यावर थरथरते हात आठवले कारण लाखो कवितांत तेच आहेत. आणि लबाडी कशाला करू, मशीन नव्हतं तेव्हाही निम्मे कवी तेच लिहायचे, वर एकाचं उदाहरण दिलंच आहे. तू मात्र आजोबांना सुईत दोरा ओवताना पाहिलंयस. दोरा ओला करतात का? सुई उजेडाकडे धरतात की कपड्यावर टेकवतात? एका झटक्यात जातो की दोन-तीनदा हुकतो, आणि हुकला की तोंडाने काही म्हणतात का? माहीत नसेल तर आज जाऊन शेजारी बस आणि बघ. आठ ओळींच्या वर जाऊ नकोस. झाली की पाठव, यमक नसलं तरी चालेल, पण थरथरते हात दिसले तर मी पुढे वाचणार नाही.