पंख्याची घरघर

प्रश्न : माझ्या ग्राफिक्स कार्डाला २ पंखे आहेत. संगणक सुरू केला की पहिली ५-१० मिनिटं घरघर येते, मग कमी होते. धूळ झाडली, तरी फरक नाही. कार्डच बदलावं लागेल का?

उत्तर : कार्ड मुळीच बदलू नका! गार असताना आवाज आणि तापल्यावर शांत, हे बहुधा बेअरिंगमधलं वंगण आटल्याचं लक्षण. माझ्या कार्डाचंही अगदी हेच झालं होतं. संगणक बंद करून, प्लग काढून एकेक पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहा. चांगला पंखा गिरकी घेत राहतो, कोरडा पडलेला चटकन अडतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र इथेच थांबा आणि कार्ड कंपनीकडे पाठवा.

मी पंखा सोडवला, मधला स्टिकर सोलला आणि आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. जास्त नको, तेल बाहेर येऊन धूळ धरतं. गंज सोडवणारा फवारा तर नकोच. तो उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतो. काही पंख्यांचं बेअरिंग बंदिस्त असतं, तिथे तेल पोचतच नाही. तसं असेल, किंवा पाती डुगडुगत असतील, तर पंखा बदला. त्याच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि जोडणीच्या पिना जुळायला हव्यात. नवा येईपर्यंत एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज खेचण्याची मर्यादा) थोडी उतरवा, म्हणजे कार्ड कमी तापेल आणि पंख्याला कमी फिरावं लागेल.

आणि हो, हवा मारून धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग तिथेच दुखावतं.